पटावर नाव, पानावर अडखळ

१८७५ च्या मे-जून महिन्यांत पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांतल्या अनेक गावांत शेतकरी सावकारांच्या दारात जमले. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे रोजी पेटलेला हा उठाव नगर जिल्ह्यात पसरला. त्याचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे, खते, हुकूमनामे हाती आले की ते तिथेच जाळले जात. कापसाच्या भावाची घसरण, वाढलेला शेतसारा आणि फुगत गेलेले कर्ज ही त्यामागची कारणे इतिहासाच्या पुस्तकांत येतात. त्यांच्या जोडीला आणखी एक कारण होते. ज्या कागदाने जमीन जायची, तो कागद ती जमीन कसणाऱ्याला वाचता येत नव्हता. मजकूर दुसऱ्याने लिहायचा आणि कुणब्याने खाली नांगराची निशाणी करायची, अशी रीत होती. या उठावानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात ग्राम-निबंधकाची तरतूद होती. शेतकऱ्याचा दस्तऐवज निबंधकासमोर लिहिला जावा, मोठ्याने वाचून दाखवला जावा आणि तो शेतकऱ्याला समजला आहे याची खात्री झाल्यावरच त्यावर निशाणी घ्यावी, असा दंडक घातला गेला. या जिल्ह्यातल्या हजारो प्रौढांना वाचता येत नाही हे सरकारने कायद्यात मान्य केले आणि त्यांच्यासाठी वाचणारा नेमला. या माणसांपैकी कितीजण शिकवले असते तर सहज वाचू लागले असते आणि कितीजण शिकवूनही अडखळत राहिले असते, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. तेव्हा तो विचारणे शक्यही नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे की नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहासात हा प्रश्न विचारता येण्याजोगी वेळ आत्ता, आपल्या पिढीत, पहिल्यांदा आली आहे. वाचनाची जन्मजात अडचण ही काही नवी गोष्ट नाही. मात्र ज्या समाजात थोडेच लोक वाचतात, तिथे ती दिसत नाही. सगळ्यांनी वाचावे अशी अपेक्षा निर्माण झाली, सगळे शाळेत आले, बहुतेकांना बऱ्यापैकी शिकवले गेले, तरच मागे राहिलेले मूल वेगळे उठून दिसते. या जिल्ह्याने मुलांना शाळेत आणण्याचे मोठे काम दोनशे वर्षांत केले. आलेले मूल वाचते झाले की नाही, आणि झाले नसेल तर नेमके कशामुळे, याची नोंद ठेवण्याची सवय मात्र त्या कामाला लागली नाही. आजचे बरेचसे गैरसमज या उणिवेतून आले आहेत.

वाचन ही गरज नसून एक व्यवसाय होता, असा काळ इथे फार लांबला. नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सांगणारा, लिहिणारा आणि ऐकणारा या तीन वेगळ्या भूमिका होत्या. त्यांतली ऐकण्याची भूमिका सर्वांत मोठी होती आणि तिला कमीपणा नव्हता. कीर्तन, हरिपाठ, पोथीचे वाचन यांतून गावाला ज्ञान मिळे ते कानाने. हिशेब आणि दप्तर कुलकर्ण्याकडे असे. पाटलाला गावावर हुकमत चालवायला अक्षर येण्याची गरज नव्हती. मोडी लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही फारसा पाळत नसत. तिचे वाचन सरावाने येई आणि तो सराव ठराविक घराण्यांतच होई. पंतोजींच्या शाळांत धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवणे, बाराखडी घोकणे, पावकी-निमकी-दीडकीचे पाढे पाठ करणे हा अभ्यासक्रम होता आणि त्यातला बराच भाग तोंडी होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडून देशी शाळांची माहिती मागवली. नगरला तेव्हा हेन्री पॉटिंजर कलेक्टर होता. त्या काळातली ही कागदपत्रे रा. वि. परुळेकरांनी पुढे संपादित करून प्रसिद्ध केली. मुंबई इलाख्यासाठी १८२९ च्या सुमारास मिळणारा अंदाज साधारण १,७०० शाळा आणि ३५ हजार विद्यार्थी असा आहे. लोकसंख्या तेव्हा ४७ लाखांच्या आसपास होती. शंभर माणसांमागे एकही मूल शाळेत नसताना वाचण्यात अडखळणारे मूल सापडणार कुठे? ते शेतात, गुरांमागे, सुताराच्या किंवा चांभाराच्या हाताखाली निमूटपणे हुशार होत होते. अडचण झालीच असेल तर ती एखाद्या कुलकर्ण्याच्या घरात. अक्षर न वळणाऱ्या मुलाचा तिथला पेच मोठा असणार, पण तो घरातच राहिला.

प्रत्येकाने स्वतः वाचावे ही अपेक्षा नगरमध्ये पहिल्यांदा ठामपणे आणली ती अमेरिकन मराठी मिशनने. १८३१ मध्ये मिशनचे ठाणे इथे आले. धर्मग्रंथ प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी वाचावा ही त्यांची श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेपोटी मुलींना, महार-मांगांच्या मुलांना, मोठ्या माणसांनाही अक्षर शिकवले जाऊ लागले. सिंथिया फेरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरलाच सुरू झाले. या घटनांचे सामाजिक मोल सर्वांना ठाऊक आहे. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे आणखी एक मोल आहे. जातीमुळे किंवा लिंगामुळे ज्यांच्याकडून वाचनाची अपेक्षाच नव्हती, त्यांच्याकडून ती इथे केली गेली. ‘याला येणारच नाही’ या समजुतीला नगरमध्ये तडा गेला. मात्र एक समजूत मोडली की तिच्या जागी दुसरी उभी राहते. ‘या जातीला येणार नाही’ हे मागे पडले आणि ‘हा आळशी आहे’ हे पुढे आले.

ही दुसरी समजूत घट्ट करण्यात परीक्षेचा वाटा मोठा आहे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील निकालावर देण्याची पद्धत आली आणि त्याच दशकात मुंबई इलाख्यातही अनुदानित शाळांसाठी ती स्वीकारली गेली. निरीक्षकाने शाळेत यायचे, इयत्तावार मुलांची परीक्षा घ्यायची आणि उत्तीर्ण झालेल्या डोक्यांवर पैसे द्यायचे. या पद्धतीवर टीका झाली ती योग्यच होती, कारण नेमलेले पुस्तक पाठ करून घेणे आणि कच्च्या मुलाकडे दुर्लक्ष करणे शिक्षकाच्या फायद्याचे ठरत होते. तरीही तिच्यात एक चांगली गोष्ट दडलेली होती. मुलाचे वाचन कोणीतरी, वर्षातून एकदा का होईना, कानाने ऐकत होते. ती पद्धत गेली तेव्हा तिच्यातला लोभ जसा गेला तसे हे ऐकणेही गेले. पुढे १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे आले, १९४७ च्या कायद्याने सक्तीचा मार्ग अधिक रुंद केला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था, प्रवरा परिसरातल्या सहकारातून उभ्या राहिलेल्या संस्था, हिंद सेवा मंडळ आणि जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज यांनी माध्यमिक शाळा दूरपर्यंत पोहोचवल्या. या सगळ्या काळात मोजमाप झाले ते पटाचे, हजेरीचे आणि उत्तीर्णांचे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे थांबले. नापासाचा कलंक गेला हे चांगलेच झाले, पण त्याबरोबर अडचण दिसण्याची उरलीसुरली खिडकीही बंद झाली. मूल पुढच्या वर्गात जात राहिले आणि त्याच्याबरोबर त्याचे न वाचणेही.

नगरच्या शाळांत हे चालू असताना युरोपातल्या वैद्यांना एक वेगळेच कोडे पडले होते. जर्मनीत आडोल्फ कुसमाऊलने १८७७ मध्ये ‘शब्दांधत्व’ ही कल्पना मांडली. दृष्टी शाबूत, बोलणे शाबूत, तरी छापील शब्द ओळखू न येणारे ते रुग्ण होते. १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिनने ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द वापरला. हे रुग्ण प्रौढ होते, मेंदूला इजा झालेले. ७ नोव्हेंबर १८९६ रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी इजा न झालेल्या एका मुलाची हकिगत छापली. चौदा वर्षांचा हा मुलगा खेळात चपळ, बोलण्यात हुशार होता. सातव्या वर्षापासून त्याला शिक्षक ठेवले होते, तरी साधे शब्द वाचणे त्याला जमत नव्हते. शिक्षण केवळ तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत मॉर्गन यांनी नोंदवले आहे. असा मुलगा तेराव्या शतकातल्या नेवाशात जन्मला असता तर त्याच्यात काही उणे आहे असे कोणालाही वाटले नसते. ही हकिगत एका संपन्न इंग्रज घरातल्या मुलाची होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. गरिबी, अनियमित हजेरी, वाईट शिक्षक, घरात पुस्तक नसणे यांपैकी एकही कारण त्याला लावता येत नव्हते. बाकीची सगळी कारणे गळून पडली म्हणून उरलेले कारण दिसले. शेवगाव किंवा अकोले तालुक्यातल्या मुलाच्या बाबतीत बाकीची कारणे कधी गळून पडलीच नाहीत, त्यामुळे त्याच्यासाठी हे उरलेले कारण कोणी शोधले नाही.

याला आणखी एक बाजू आहे. वाचनाची ही अडचण बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. वडिलांना, आत्याला किंवा मामाला लहानपणी वाचन जड गेले होते का, हा तज्ज्ञांच्या पहिल्या काही प्रश्नांपैकी एक असतो. ज्या घरात आजी-आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्या घरात या प्रश्नाला उत्तर नसते. जात, लिंग आणि गरिबी यांनी शाळेचे दार बंद ठेवले तेव्हा अन्याय तर झालाच, शिवाय पुढच्या पिढ्यांच्या निदानाला लागणारा पुरावाही त्यात पुसला गेला. आता या जिल्ह्यात शाळा पाहिलेली तिसरी पिढी वर्गात बसते आहे. ‘याच्या बापाचेही दुसरीतच अडले होते’ हे वाक्य आता बोलले जाऊ शकते. ते टोमणा म्हणून उच्चारायचे की माहिती म्हणून नोंदवायचे, हे आपल्या हाती आहे.

इथे पहिला आक्षेप येतो तो भाषेचा. मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, इंग्रजीसारखा स्पेलिंगचा घोळ आपल्याकडे नाही, मग आपल्याकडे डिस्लेक्सिया कुठून येणार, असे सुशिक्षित माणसेही विचारतात. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. २००१ मध्ये पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांची तुलना ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. इटालियनचे लेखन उच्चाराला धरून असते. डिस्लेक्सिया असलेले इटालियन वाचक इतर दोन भाषांतल्या तशाच वाचकांपेक्षा कमी चुका करत होते, पण वाचताना मेंदूच्या विशिष्ट भागात दिसलेली उणी हालचाल तिन्ही भाषांत सारखी होती. लेखनपद्धती सोपी असली की अडचण चुकांऐवजी वेगात दिसते. मूल वाचते, पण अक्षर-अक्षर जोडत, थांबत, ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरत. मराठी शाळेत अशा वाचनाला ‘वाचता येते, पण सराव कमी आहे’ म्हणून सोडून देतात आणि अडचण निसटते. शिवाय देवनागरी तितकी सोपी नाही. ३४ व्यंजने आणि १२ स्वररूपे धरली तरी ओळखायच्या आकृत्या ४०० च्या वर जातात आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी. कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासांत दिसले की भारतीय अक्षरमाला आत्मसात व्हायला वर्णमालेच्या भाषांपेक्षा बरीच जास्त वर्षे लागतात. ‘पिशवी’तल्या पहिल्या वेलांटीचा उच्चार नंतर होतो, पण ती लिहितात आधी. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात या वेलांटीने वाचनाचा वेग कमी होतो असे आढळले. रफार डोक्यावर चढतो, ‘चक्र’मध्ये तोच र पायात येतो, ‘राष्ट्र’मध्ये तिसरेच रूप घेतो. वाचन कसेबसे सावरलेले मूल पुढे लेखनात उघडे पडते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपल्या बोलण्यात पुष्कळदा ऐकू येत नाही, तरी १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे तो पाळावाच लागतो. तिथे कान मदत करत नाही, शब्दाचे चित्र लक्षात राहावे लागते, आणि ते चित्रच या मुलांच्या लक्षात राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याच्याकडे या जिल्ह्यात तरी पाठ फिरवता येत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. १९५०-५१ मध्ये प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि सहकाराने या जिल्ह्याचा कायापालट केला. त्याच साखरेसाठी कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याचे मूल मात्र शाळेचे अर्धे वर्ष गमावते. अकोले तालुक्यात महादेव कोळी आणि ठाकर मुलांच्या घरची बोली पुस्तकाच्या मराठीपेक्षा वेगळी असते. अशा मुलाला वाचता येत नाही यात मेंदूचे कारण शोधणे म्हणजे व्यवस्थेचा दोष मुलाच्या डोक्यावर ठेवणे आहे, असे कार्यकर्ते म्हणतात. हंगामी वसतिगृहे नीट चालवा, शिक्षक द्या, मग बोला, असे ते सांगतात. आकडेही त्यांच्या बाजूचे आहेत. ‘प्रथम’ या संस्थेच्या २०२४ च्या असर अहवालाप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले सुमारे २७ टक्के आहेत. डिस्लेक्सियाचे प्रमाण साधारणपणे ५ ते १० टक्के मानले जाते. न वाचणाऱ्या ७३ टक्क्यांपैकी बहुतांश मुलांना काहीही आजार नाही, त्यांना नीट शिकवलेले नाही, हे यातून स्पष्ट होते.

हे मान्य करूनही आक्षेपाचा शेवटचा भाग मला पटत नाही. गरिबीमुळे न वाचणारी मुले खूप आहेत, म्हणून त्यांच्यात जन्मजात अडचण असलेले मूल नसते असे होत नाही. उलट त्याच्यावर दोन्ही ओझी असतात आणि त्याचे दुसरे ओझे पहिल्याखाली लपते. ‘आधी शाळा सुधारू, मग या मुलांकडे बघू’ हा क्रम न्याय्य वाटतो, पण त्याने सर्वांत गरीब घरातल्या डिस्लेक्सिक मुलाला शेवटच्या रांगेत उभे केले जाते. आणि दोन्ही कारणे वेगळी करण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे चांगले शिकवणे. सातारा जिल्ह्यात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत वाचन शिकवण्याची जी पद्धत घडवली, तिच्यात सगळी मुळाक्षरे संपण्याची वाट न पाहता थोडी अक्षरे आणि एखाददुसरी मात्रा घेऊन लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायला देतात. अशा पद्धतशीर शिकवण्याने अनेक मुले काही आठवड्यांत पुढे सरकतात. जे मूल त्यानंतरही त्याच ठिकाणी अडते, त्याची बारकाईने तपासणी करायची. गरिबी की मेंदू, हा वाद चर्चेने सुटत नाही. शिकवून पाहिल्यावरच तो सुटतो.

वाचनाच्या अडचणीसोबत अनेकदा येणाऱ्या अवधानाच्या अडचणीबाबत (एडीएचडी) लोकांचा अविश्वास याहून जास्त आहे. एडीएचडी हे मोबाइलने आणलेले खूळ आहे, पूर्वी असे काही नव्हते, असे सर्रास म्हटले जाते. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने १७९८ मध्ये, म्हणजे नगरच्या किल्ल्यावर इंग्रजांचा झेंडा लागण्याच्याही पाच वर्षे आधी, एका गोष्टीवर चित्त न ठरणाऱ्या मुलांचे वर्णन करून ठेवले आहे. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनमधील व्याख्यानांत अशा मुलांची उदाहरणे मांडली. बुद्धी चांगली असूनही त्यांना स्वतःला आवरता येत नाही, असे त्यांनी सांगितले आणि त्याला नैतिक संयमाचा दोष म्हटले. हा नैतिक ठपका पुढे शास्त्राने काढून टाकला, समाजाने मात्र ठेवला. आज जगभरातल्या मुलांत याचे प्रमाण सुमारे ५ टक्के मानतात, प्रौढांत त्याच्या निम्म्याच्या आसपास. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा ७० टक्क्यांच्या वर निघतो. वाचनाची आणि अवधानाची अडचण एकाच मुलात असणे हेही वारंवार दिसते. पंतोजींच्या काळापासून आपल्या शाळांत यावर एकच उपाय ठरलेला होता, तो छडीचा. छडीने चुळबुळ काही वेळ थांबे आणि मास्तरांना वाटे की लक्ष लागले. पुढे बसणारे, न हलणारे, पण खिडकीबाहेर हरवलेले मूल, विशेषतः मुलगी, तर या हिशेबात कधी आलेच नाही. तिची चुळबुळ दिसत नाही, म्हणून तिला मदतही मिळत नाही.

या जिल्ह्यात दोन प्रयोग असे झाले आहेत की त्यांच्याकडे या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले नाही. पहिला राळेगणसिद्धीचा. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तिथल्या संत निळोबाराय विद्यालयाच्या वसतिगृहात इतर शाळांत नापास झालेल्या मुलांना मुद्दाम प्रवेश देण्याची प्रथा पडली आणि ते विद्यालय ‘नापासांची शाळा’ म्हणून ओळखले गेले. पहाटे उठणे, व्यायाम, ठरलेल्या वेळी अभ्यास आणि शिक्षकांची सतत सोबत हा तिथला शिरस्ता होता. या मुलांना कोणता विकार होता हे सांगण्याचा अधिकार आज कोणालाच नाही. पण ठराविक वेळापत्रक, अंगमेहनत आणि जवळून मिळणारी देखरेख अवधान कमी असलेल्या मुलाला उपयोगी पडतात, हे आता तज्ज्ञही सांगतात. दुसरा प्रयोग जामखेडचा. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित होत्या. त्या चित्रांतून, गाण्यांतून, दर आठवड्याच्या चर्चेतून शिकल्या आणि बाळंतपणे, कुपोषण, अतिसार यांवर काम करू लागल्या. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे दांपत्याला मिळाला. वाचता न येणे म्हणजे समज नसणे, ही समजूत खोटी ठरवणारा इतका ठसठशीत पुरावा दुसऱ्या जिल्ह्याकडे क्वचितच असेल. तो आपल्या वर्गखोल्यांत मात्र पोहोचला नाही. तिथे अजूनही वाचनावरूनच अक्कल मोजतात आणि न वाचणाऱ्याला ‘ढ’ म्हणतात.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र १९९६ मध्येच देशात पुढे होता. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणिताचा पर्याय अशा त्या सवलती होत्या. मुंबईच्या शीव रुग्णालयात तपासणीचे केंद्र उभे राहिले, महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन त्याच वर्षी स्थापन झाली. पण सुरुवातीच्या चाचण्या मुख्यतः इंग्रजीत होत्या, केंद्रे मोठ्या शहरांत होती, आणि लाभ मिळाला तो प्रामुख्याने शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना. २०१५ मध्ये राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आणली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला, एडीएचडीचा मात्र केला नाही. ४ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेने तिसरीच्या सुमारास शाळेत प्राथमिक तपासणी करावी आणि प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर द्यावे, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासावे, असे ठरवले. अकोल्याच्या डोंगरातल्या किंवा जामखेडच्या वस्तीवरल्या पालकाने त्यासाठी किती वेळा मजुरी बुडवायची, याचा विचार त्यात नाही.

सवलतींचा गैरवापर होतो, पैसेवाले दाखले मिळवतात, आणि शिवाय शिक्का बसला की मूल कायमचे मागे पडते, असे दोन आक्षेप एकाच दमात घेतले जातात. गैरवापर होतो तिथे तो रोखलाच पाहिजे. पण दाखला मिळवण्याची ताकद ज्यांच्याकडे नाही त्यांना तो नाकारून तो रोखला जात नाही. शिक्क्याचे म्हणाल तर या मुलांवर शिक्का आधीपासूनच आहे. आळशी, मठ्ठ, मस्तीखोर, लक्ष नसलेला हे सगळे शिक्केच आहेत, आणि ते कोणत्याही तपासणीशिवाय मारले जातात. नेमके निदान या शिक्क्यांपेक्षा कमी क्रूर असते, आणि पुढे काय करायचे हे त्यातून कळते. माझा आग्रह मात्र दाखल्यापेक्षा शिकवण्यावर आहे. दाखला दहावीच्या परीक्षेत वेळ वाढवून देईल. दुसरीत न शिकवलेली बाराखडी तो देणार नाही.

मोठ्या माणसांचा प्रश्न याच इतिहासाचा राहिलेला भाग आहे. १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर गेली, १९८८ नंतर संपूर्ण साक्षरतेचे अभियान आले, २०२२ पासून ‘उल्लास’ चालू आहे. प्रत्येक मोहिमेत काही माणसे महिनोन्महिने येऊनही वाचायला शिकली नाहीत. वय झाले, इच्छा नाही, अशी नोंद करून त्यांना सोडून दिले गेले. त्यांच्यातल्या काहींची अडचण लहानपणापासूनची असणार. अवधानाची अडचण प्रौढपणीही राहते हे अधिकृत निकषांत नीट मांडले गेले ते २०१३ मध्ये. आज अर्ज, बँक, रेशन, पीकविमा सगळे पडद्यावर आले आहे आणि वाचता न येण्याची किंमत १८७५ पेक्षा कमी झालेली नाही. ‘उल्लास’च्या स्वयंसेवकाला डिस्लेक्सियाची चार लक्षणे सांगणे फार खर्चाचे काम नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या शिक्षकांना, केंद्रप्रमुखांना आणि गटसाधन केंद्रांतल्या विशेष शिक्षकांना विनंती आहे. दुसरी आणि तिसरीच्या प्रत्येक मुलाला एकटे बसवून, न पाहिलेला छोटा उतारा मोठ्याने वाचायला द्या आणि ऐका. एका मुलाला पाच मिनिटे पुरतात. चूक किती झाली एवढेच न पाहता वेळ किती लागला तेही टिपा. घरात आणखी कोणाचे वाचन अडले होते का, हे पालकांना न दुखावता विचारा. जे अडतात त्यांना रोज अर्धा तास वेगळे शिकवा आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा ऐका. तरीही जे सरकणार नाहीत त्यांची नावे तपासणीसाठी पाठवा. जिल्हा रुग्णालयाने वर्षातून दोनदा मराठी चाचण्या घेऊन तालुक्याच्या ठिकाणी यावे. आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडमध्ये हे सगळे ऑगस्टमध्ये सुरू करा, कारण टोळ्या निघाल्या की ते मूल एप्रिलपर्यंत वर्गात नसेल.